लहान पेटी, मोठा ताप



गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक प्रकार घडला आणि त्यावरूनच आजच्या भाषणाचा विषय सुचला. माझा पुतण्या चित्रफितींच्या संकलनाचें काम घरीं बसून करतो. पुण्यास वरच्या मजल्यावरील दहा फूट चौरस खोली हेंच त्याचें कार्यालय. त्यांत पलंग, मेज आणि संगणक. जागेची टंचाई म्हणून संगणकाचें कॅबिनेट त्यानें शक्य तितकें लहान निवडलें होतें. दिवाळींतील लाडवांच्या मोठ्या डब्याएवढें. उन्हाळा तापला तसें तें यंत्र मंदावूं लागलें. तीन तासांचें काम पांच तासांवर गेलें, आणि आंतला पंखा असा ओरडूं लागला कीं शेजारच्या खोलींत कोणी पीठ दळीत आहे असें वाटावें. एके सकाळीं तो एक लहानसा रेडिएटर, पंप आणि रबरी नळ्या घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, तुमची कानस आणि करवत हवी आहे. कॅबिनेटचा पत्रा कापायचा आहे."

मी इतिहासाचा मास्तर. तथापि आमच्या शाळेंत हस्तव्यवसायाचा तासहि माझ्याकडे असे, त्यामुळें हत्यारांची पेटी अद्याप माझ्यापाशीं आहे. हत्यारें देण्यास माझी ना नव्हती. परंतु पोरानें वर्षभर पैसे साठवून घेतलेलें, ज्याच्यावर त्याचें पोट चालतें तें यंत्र करवतीनें कापावयाचें, आणि वर त्यांत पाणी खेळवावयाचें! ओल्या हातानें बटणास शिवूं नये हें ज्या घरांत मुलांना प्रथम शिकवलें, त्या घरांत ही गोष्ट सहज कशी पटावी? मीं तसें बोलून दाखवलें. तेव्हां तो हंसून म्हणाला, "मोठ्या यंत्रांत हें साठ वर्षांपूर्वींपासून चालत आलें आहे." इतिहासाच्या माणसाला असें उत्तर दिलें म्हणजे तो मुकाट्यानें पुस्तकांकडे वळतो. मीहि वळलों.

प्रथम या उष्णतेचें मूळ पाहूं. संगणक विजेचें शेवटीं काय करतो? तो हिशेब करतो, चित्रें जुळवतो, परंतु ओझें उचलीत नाहीं कीं गिरणीचें चाक फिरवीत नाहीं. म्हणून जितकी वीज आंत जाते तितकी बहुतेक सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. दोनशें वॅट वीज खाणारा प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या जागेंत कोंडलेली लहानशी शेगडीच. ही उष्णता हवेनें वाहून न्यावयाची तर हवा फार लागते, कारण एक लिटर हवेपेक्षां एक लिटर पाणी एका अंशानें तापवावयास सुमारें साडेतीन हजारपट उष्णता खर्चीं पडते. दोनशें वॅटचा हिशेब मीं स्वतः मांडून पाहिला. मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलें तर तें तीन अंशांहून थोडें कमीच तापतें. तितक्याच तापमानवाढींत तेंच काम हवेकडून करवून घ्यावयाचें तर मिनिटाला तीन हजार लिटरांहून अधिक हवा लोटावी लागते. पंखा कां ओरडतो याचा उलगडा येथें होतो.

जुन्या मोठ्या यंत्रांच्या कर्त्यांना ही अडचण फार लवकर जाणवली. १९६४ सालीं अमेरिकेंतील कंट्रोल डेटा कंपनीनें सीमूर क्रे याच्या कल्पनेप्रमाणें ६६०० नांवाचें यंत्र बाहेर काढलें. तारा आंखूड असाव्या म्हणून क्रेनें सर्व भाग दाटीनें बसविले होते, आणि दाटी झाली कीं ताप आलाच. म्हणून या यंत्राच्या आंतून शीतपेटींत पूर्वीं असे तसा फ्रिऑन वायु खेळविला होता. आयबीएम कंपनीच्या ३६० मालिकेंतील ९१ क्रमांकाच्या यंत्रांत, जें १९६७ मध्यें ग्राहकांच्या हातीं पडूं लागलें, गार पाण्याचे नळ फिरविले होते. म्हणजे पुतण्याचा हिशेब चुकला नव्हता.

यांत सर्वांत नांवाजलेलें यंत्र म्हणजे १९७६ सालीं लॉस अलामॉस येथें पोंचलेलें क्रे-१. वरून पाहिलें तर इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचें, आणि भोंवतीं बसावयास गादीचें बांक केल्यासारखें. त्या बांकाच्या पोटांत वीजपुरवठ्याचीं उपकरणें होतीं. हें यंत्र एकशें पंधरा किलोवॅट वीज खात असे. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून पोलादी नळ्या नेऊन त्यांतून फ्रिऑन वाहविला होता. हा सांधा साधणें इतकें जड गेलें कीं फ्रिऑनबरोबरचें वंगण गळून पट्ट्यांवर तेल पसरे आणि मंडलें निकामी होत. पहिलें यंत्र यामुळें कांहीं महिने लांबणीवर पडलें. जगांतील अत्यंत वेगवान यंत्र गळक्या नळापाशीं अडून बसावें, ही गोष्ट वाचून मला, खरें सांगावयाचें तर, पुतण्याविषयीं पुन्हां काळजी वाटूं लागली.

आयबीएमनें १९८० मध्यें ३०८१ या यंत्रांत जी युक्ति योजिली ती मला सर्वांत सुंदर वाटते. सुमारें नऊ सेंटिमीटर चौरस अशा चिनीमातीच्या एका पाटीवर शंभराहून अधिक चिप्स बसविल्या होत्या. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगनें दाबलेला ॲल्युमिनियमचा एक दट्ट्या टेकलेला, भोंवतालच्या पोकळींत हेलियम वायु भरलेला, आणि या सगळ्याच्या डोक्यावर पाणी वाहणारी थंड पाटी. हेलियम कशाला, तर तो हवेच्या सुमारें सहापट उष्णता पुढें सरकवितो, आणि दट्ट्या व चिप यांमधील केसाएवढी फट त्यानें भरून निघते. पाणी चिपला शिवत नाहीं. आज बाजारांत मिळणाऱ्या जलशीतनाच्या ठोकळ्याचें तत्त्व हेंच आहे. दट्ट्या व हेलियम जाऊन तेथें तांब्याचा सपाट तळ आणि मलमासारखा लेप आला इतकेंच. १९८५ च्या क्रे-२ मध्यें तर सगळीं मंडलेंच विजेला न जुमानणाऱ्या फ्लुओरिनर्ट नांवाच्या द्रवांत बुडवून ठेवलीं होतीं. शेजारीं पारदर्शक मनोऱ्यांत तो द्रव धबधब्यासारखा खेळतांना दिसे. दुरुस्ती करावयाची म्हणजे आधीं टाकी रिकामी करावयाची.

मग हें पाणी आपल्या घरीं तेव्हांच कां आलें नाहीं? कारण घरगुती संगणकाला त्याची गरजच नव्हती. १९७७ च्या ॲपल-२ मध्यें पंखादेखील नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसींत एक पंखा होता, तोहि वीजपुरवठ्याच्या डब्यांत. १९९३ मध्यें पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पंखळ्या व पंखा असणें नित्याचें झालें. गंमत अशी कीं याच सुमारास मोठीं यंत्रें पाणी सोडीत होतीं. कमी वीज खाणाऱ्या नव्या तऱ्हेच्या चिप्स आल्या आणि आयबीएमनें १९९४ पासून आपलीं मोठीं यंत्रेंहि हवेवर गार करण्यास आरंभ केला. थोडक्यांत, पाणी जेथून सर्वांच्या घरीं यावयाचें त्या मोठ्या घरींच तें आटलें होतें. तें परत आणलें तें कारखानदारांनीं नव्हे, तर घरोघरच्या हौशी पोरांनीं.

१९९८ च्या ऑगस्टमध्यें इंटेलनें सेलेरॉन ३००-ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा ठरलेला वेग तीनशें मेगाहर्ट्झ. परंतु मदरबोर्डवरील एक मांडणी सहासष्टावरून शंभरावर नेली कीं तो साडेचारशेंवर धांवूं लागे. ही गोष्ट कळतांच गरीब विद्यार्थ्यांनीं महाग यंत्राचा वेग स्वस्तांत मिळविण्याचा सपाटा लावला. वेग वाढला, ताप वाढला. मग कॅबिनेटच्या टपाला गोल भोंक पाडून त्यांत पंखा बसवावयाचा प्रघात पडला. देवमासा श्वास सोडतो त्या छिद्राचें नांव या भोंकाला देऊन लोक त्याला 'ब्लोहोल' म्हणूं लागले. पुढें रंगीत दिवे, कांचेच्या खिडक्या असे नखरे निघाले आणि कॅबिनेट कापणें म्हणजे शोभेचा खेळ असें लोकांना वाटूं लागलें. पण पहिली करवत चालली ती शोभेसाठीं नव्हे, उष्णतेसाठीं.

२००१ सालीं एएमडी कंपनीचा १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन बहात्तर वॅटपर्यंत ताप सोडूं लागला, आणि त्याला आवरण्यासाठीं मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेणारे लहान पंखे निघाले. त्यांच्या आवाजांत अभ्यास करणें कठीण. तेव्हां या मंडळींनीं जें हातीं लागलें तें घेतलें. मोडीच्या बाजारांतून जुन्या मोटारींच्या आंतील हवा ऊन करणारे छोटे रेडिएटर आणले. शेव्हरोले शेव्हेट आणि पाँटिॲक बॉनव्हिल या मोटारींचे विशेष पसंत पडत, कारण त्यांत तांबें व पितळ असे. मासे पाळण्याच्या कांचपेटींतले पंप घेतले. जर्मनीच्या आयहाइम कंपनीचे पंप यांत नांवाजले गेले. तांब्याचे ठोकळे लेथवर कातून घेतले. कांचपेटीचा पंप घरच्या विजेवर चाले, संगणकाचें बटण त्याला लागू नसे. म्हणून एकादा पंप लावावयास विसरला कीं प्रोसेसर तापे. तेव्हां कोणी संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी कळ जोडली. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ठोकळा एकाच पाण्यांत आला कीं ॲल्युमिनियम खाल्लें जातें, हें रसायनाच्या पुस्तकांतील वाक्य कित्येकांनीं स्वतःच्या पैशानें शिकून घेतलें. साध्या पाण्यांत शेवाळ धरतें, म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व त्यांत शेवाळनाशक घालण्याची रीत पडली.

हे अनुभव फुकट गेले नाहींत. २००० सालीं अमेरिकेंत कूलान्स आणि डेन्मार्कमध्यें ॲसेटेक या कंपन्या निघाल्या. कोरियाच्या झालमन कंपनीनें २००३ मध्यें दोन फूट उंचीचा एक धातूचा खांबच विकावयास काढला; तो कॅबिनेटच्या शेजारीं उभा करावयाचा आणि त्यांतून पाणी खेळवावयाचें. जागेचा प्रश्न घराबाहेर ओटा बांधून सोडवावा त्यांतला हा प्रकार. २००४ मध्यें खुद्द ॲपलनें पॉवर मॅक जी-५ हा संगणक द्रवशीतनासह विकला. त्यांपैकीं कांहीं यंत्रें पुढें गळलीं हेंहि सर्वश्रुत आहे. २००९ मध्यें कोर्सेअर कंपनीनें ॲसेटेककडून करवून घेतलेला एच-५० नांवाचा संच आला. त्यांत पंप तांब्याच्या ठोकळ्यावरच बसविलेला, पाणी कारखान्यांतच भरून सांधे बंद केलेले. चार मळसूत्रें आवळलीं कीं काम झालें. मोठीं यंत्रेंहि तोंपर्यंत पाण्याकडे परतूं लागलीं होतीं. आयबीएमचें २००८ चें पॉवर ५७५ पाण्यावर चाले, आणि आमच्या पुण्यांतच पाषाण भागांतील आयसर संस्थेंत बसविलेला परम ब्रह्म हा महासंगणकहि थेट द्रवानें गार केलेला आहे.

आतां लहान पेटीकडे वळतों, कारण खरी कसोटी तेथें आहे. २००१ मध्यें तैवानच्या व्हिया कंपनीनें सतरा सेंटिमीटर चौरस मदरबोर्डचें प्रमाण ठरवलें, आणि त्याच वर्षीं तैवानच्याच शटल कंपनीनें एसव्ही-२४ हा घनाकृति लहान संगणक काढला. शटलनें पुढील यंत्रांत उष्णतावाहक नळी वापरली. बंद नळींत थोडा द्रव. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला ती पुन्हां द्रव होऊन परतते. पंप नको, वीज नको. नंतर हौशी लोकांनीं आपसांत विचार करून स्वतःच पेट्या आंखल्या आणि लोकवर्गणीनें करवून घेतल्या. २०१३ ची एनकेस एम-१ साडेबारा लिटरांहून किंचित् मोठी, आणि तिच्या बाजूस दुहेरी पंख्याचा रेडिएटर बसे. २०१६ ची डॅन ए-४ अवघी सात लिटर आणि दोन दशांशाची. तिच्यांत प्रोसेसरच्या डोक्यावर अठ्ठेचाळीस मिलिमीटर उंचीच जागा होती. तेवढ्यांत बसणारा पंखा बलवान् प्रोसेसरला पुरेना. ॲसेटेकनें २०१७ मध्यें या पेटींत मावेल असा ब्याण्णव मिलिमीटर पंख्याचा इवलासा संच मुद्दाम केला; ज्यांना तोहि पुरेना त्यांनीं पत्रा कापला. २०२२ मध्यें डॅनच्या धर्तीवरच ए-४ एच-टू-ओ ही पेटी निघाली. तिच्यांत चोवीस सेंटिमीटरांचा रेडिएटर बसतो, परंतु ती अकरा लिटरांची आहे. ग्राफिक्स कार्डेंहि मधल्या काळांत वाढलीं होतीं, सगळा दोष पाण्याचा नव्हे. पण जलशीतनानें जागा वांचते हा समज किती अपुरा आहे हें या आंकड्यांवरून दिसतें. पाणी उष्णता नाहींशी करीत नाहीं, तिची जागा बदलतें. प्रोसेसरच्या डोक्यावर जी जागा नाहीं ती छतापाशीं किंवा बाजूला शोधण्याची मोकळीक तेवढी देतें.

ही मोकळीक किती, हें आम्हांला लवकरच कळलें. रेडिएटरची जाडी सत्तावीस मिलिमीटर, पंख्याची पंचवीस, मिळून बावन्न. छताखालीं जागा साठ. आम्हीं खूष झालों. पंख्याच्या मळसूत्रांचीं भोंकें एकमेकांपासून एकशें पांच मिलिमीटरांवर असतात, त्याप्रमाणें मीं कागदाचा नमुना कापून छतावर चिकटविला आणि चार भोंकें पाडलीं. मग रेडिएटर लावून पाहिला तों त्याचें टोक वीजपुरवठ्याच्या कंसावर आपटलें. पंखा बारा सेंटिमीटरांचा असला तरी रेडिएटरला दोन्हीं टोकांस पाण्याच्या टाक्या असतात आणि तो साडेपंधरा सेंटिमीटर भरतो. मीं पंखा मोजला होता, रेडिएटर नव्हे. पस्तीस वर्षें मुलांना "आधीं मोजा, मग कापा" असें बजावीत आलेल्या माणसाचा हा पराक्रम! पुतण्या कांहीं बोलला नाहीं, हें त्याचें सौजन्य. गोल कापण्यापूर्वीं ही चूक उमगली एवढेंच नशीब. नमुना दोन सेंटिमीटर सरकवून आम्हीं पुन्हां आरंभ केला. जुनीं भोंकें अजून छतावर दिसतात.

कापण्याआधीं आंतील सर्व भाग काढून दुसऱ्या खोलींत ठेवले होते. पोलादाचा बारीक कीस मदरबोर्डवर पडला तर दोन तारा जुळून सर्वनाश व्हावयाचा. गोल कापून कानस मारल्यावर लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून मी पेटीचा कोपरान् कोपरा फिरलों. फडकें उलटें केलें कीं कीस गळून पडतो. कापलेल्या कडेला रबरी पट्टी लावली, नाहींतर नळी घांसून फाटावयाची. पंखा असा लावला कीं ऊन हवा छतांतून बाहेर जावी. ती आंत सोडली असती तर शेजारच्या वीजपुरवठ्यानें तीच पुन्हां ओढून घेतली असती. मग पाणी भरलें, पेटी सर्व बाजूंनीं कलवून बुडबुडे काढले, आणि इतर कशासहि वीज न देतां एकटा पंप चोवीस तास चालू ठेवला. प्रत्येक सांध्याखालीं टिपकागद. पहांटे उठून पाहतों तों रेडिएटरच्या सांध्याखालीं रुपयाएवढा ओला डाग. रबरी चकती तिरकी बसली होती. ती सरळ करून आणखी चोवीस तास वाट पाहिली. कागद कोरडे राहिले. हें मशीन गेलें असतें तर त्या पोराचे तीन महिन्यांचे हप्ते कोणीं भरले असते, हा विचार त्या दोन दिवसांत मीं त्याला बोलून दाखवला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं यंत्र जोडलें. पांच तासांचें काम पुन्हां तीन तासांवर आलें आणि पंख्याचा आवाज भिंतीवरच्या घड्याळाहून फारसा मोठा राहिला नाहीं. परंतु आमच्या घरांतून एक प्रश्न आला, "पाणी आहे तर माठासारखें गार कां होत नाहीं?" प्रश्न रास्त आहे. माठाचें पाणी पाझरून हवेंत उडतें, तें उडतांना उष्णता घेऊन जातें, म्हणून माठ खोलीहून गार. येथें पाणी बंद नळींत आहे. तें खोलीहून गार कधींच होऊं शकत नाहीं. वैशाखांत खोली अडतीस अंशांवर असली तर पाणी त्याच्या वरच. शिवाय सगळी ऊब शेवटीं त्याच दहा फुटांच्या खोलींत पडते, म्हणून पुतण्या जड काम आतां रात्रीं दहानंतर खिडकी उघडी ठेवून लावतो. नळीच्या भिंतींतूनहि थोडें थोडें पाणी हवेंत जात असतें. दर सहा महिन्यांनीं पातळी पाहून भर घालावी लागते. पहिली तपासणी कार्तिकांत आहे, आणि ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली आमच्या देवघराच्या फळीवर, गंगाजलाच्या शेजारीं, चिठ्ठी लावून ठेवली आहे.